कागदी सवत

कॉफी बशीत ओतून झाली होती, बशी ओठांपर्यंत आली होती, आणि नेमका तेव्हाच दिएपचा फोन आला. "काका, कामात नाही ना? एक विचारायचं होतं. तेतची, नव्या वर्षाची सुट्टी संपल्यावर कारखान्यात पहिलं पाऊल टाकायचं म्हणजे काय काय करायचं असतं हो? शेठ म्हणाले, यंदा तू टाक. मला तर यातलं ओ की ठो कळत नाही. तुम्ही एकवीस वर्षं टाकताय, म्हटलं तुम्हालाच विचारावं." मी बशीतली कॉफी प्यायलो. चांगली कढत होती, पण ती कुणा दुसऱ्याच्याच घशातून उतरल्यासारखी वाटली. "सांगतो," मी म्हणालो, "घाईत सांगायची गोष्ट नाही ती. संध्याकाळी फोन करतो." "बरं काका, थँक यू!" ती म्हणाली. त्या आवाजात इतका भाबडा आनंद होता, की तो खोटा असता तर मला बरं वाटलं असतं.

चोलोन म्हणजे आमची चिनी वस्ती, तिथल्या या टपरीवर मी चाळीस वर्षं बसतोय. मालकीण कापडाच्या गाळणीतून कॉफी पाडते, आम्ही म्हातारे ती बशीतून पितो, आणि वर्तमानपत्रात नसलेल्या सगळ्या बातम्या इथे मिळतात. त्यातल्या निम्म्या मीच पुरवतो. समोरच्या भिंतीवर यंदाचं ड्रॅगनचं कॅलेंडर लागलं होतं. माझ्या डाव्या कानामागे काहीतरी तापायला लागलं. हा माझा जुना आजार. पन्नास वर्षांपूर्वी किम चाऊ, म्हणजे आज माझी बायको आहे ती, एका घड्याळजीच्या मुलाबरोबर सिनेमाला गेली होती, तेव्हा पहिल्यांदा तो तापला होता. त्यानंतर थेट या कारखान्यापायी. म्हणजे मधल्या काळात मी सुखी होतो म्हणायचं. नव्या वर्षात उंबरठा पहिल्यांदा कोण ओलांडतो यावर अख्खं वर्ष ठरतं, हे आमच्याकडे अंगावर पिणारं पोरही जाणतं. म्हणून माणूस पारखून घ्यावा लागतो. सुतकातला नको, रडतोंड्या नको, आणि मुख्य म्हणजे त्याचं साल मालकाच्या सालाशी जुळायला हवं. चुआंग शेठ माकडाच्या सालचे. माकडाला उंदीर चालतो, ड्रॅगन तर फारच चालतो. वाघ मात्र नको. वाघ आणि माकड म्हणजे विळ्याभोपळ्याचं सख्य. मी ड्रॅगन. निदान शेठना मी तसं सांगितलेलं आहे. खरा मी वाघ, सन पन्नासचा. बायका वय चोरतात, मी प्राणी चोरला.

आणि आता त्याच चोरीने मला कोंडीत पकडलं होतं. कॅलेंडरवरचा तो सोनेरी ड्रॅगन माझ्याकडे बघून हसत होता असं मी म्हणणार नाही, कारण छापलेले प्राणी हसत नाहीत; पण त्याचे दात दिसत होते. ज्याचं साल त्याला ते साल जड जातं, असं जुनी माणसं म्हणतात. तेव्हा ड्रॅगनच्या साली ड्रॅगनला कशाला चालवायचा, असा विचार शेठनी केला असेल? बारा वर्षांपूर्वीच्या ड्रॅगन सालात केला नव्हता, पण यंदा कुणी कान भरले असतील. तसं असेल तर मी नुसतं एवढंच म्हणायचं होतं, शेठ, मी ड्रॅगन नाहीच मुळी. आणि मग? मग मी वाघ. म्हणजे खोटं टिकवलं तर बाहेर, आणि खरं बोललो तर त्याहून बाहेर. मी दुसरी कॉफी मागवली. मालकीण मला घरातल्या क्रमांकाने हाक मारते; म्हणाली, "काय सहावे काका, आज दोन-दोन? लॉटरी लागली की काय?" मी म्हणालो, "हो ना, पण तिकीट मांजराने खाल्लं." तिने विश्वास ठेवला नाही, पण साखर जरा जास्त घातली.

चुआंग शेठना या मातीत मी आणलं. हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की आता ते मला माझ्या नावासारखं झालंय. सन दोन हजार दोन, मार्च महिना. तैवानहून एक सडपातळ माणूस येणार, जाकिटांचा कारखाना काढायला जागा बघणार, आणि प्रांताच्या कचेरीत चिनी नीट बोलणारं कुणी नव्हतं, म्हणून मला बोलावलं. तोवर मी लग्नं जुळवत होतो, समाधीचे दगड विकत होतो, एका सर्कशीच्या अस्वलाचा विमाही उतरवून दिला होता. पहिल्याच बैठकीला आमचे प्रांताधिकारी घुश्शात होते. ते आमच्या भाषेत मला म्हणाले, "याला सांग, तुमच्यासारखे येतात, करमाफीची वर्षं खातात आणि ती संपली की बिऱ्हाड उचलतात." मी शेठकडे वळून चिनीत म्हणालो, "साहेब म्हणतायत, तुमचं कपाळ हुबेहूब त्यांच्या वारलेल्या काकांसारखं आहे." शेठ उठले आणि वाकून नमस्कार केला. साहेब गडबडले. मग शेठनी विचारलं, इथे वीज दिवसातून कितीदा जाते? मी साहेबांना म्हणालो, "ते विचारतायत, काकांची समाधी कुठे आहे, उदबत्ती लावून येऊ म्हणतात." साहेबांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. त्यांना खरंच एक काका होते. अशा रीतीने थुआन आनची सतरा एकर जागा साहेबांनी देऊ केली. दोन दिवसांनी दुपारी मी शेठना माझ्या घरी जेवायला घेऊन आलो. किम चाऊने बदक भाजलं होतं, आल्याची चटणी, वाफाळती पेज, मुरवलेला मुळा. मी बोलत होतो. थुआन आनची माती अशी की सुई पेरली तर दोरा उगवतो. तिथल्या बायकांची बोटं इतकी चपळ की देवळात हात जोडायला गेल्या तर चुकून देवालाच टाका घालतात. शेठ खात होते. ते हसलेही नाहीत, पण बदकाची मान त्यांनी दोनदा मागून घेतली, आणि मला वाटलं, झालं, पाखरू बसलं फांदीवर. त्या जेवणाचा वास अजून माझ्या डोक्यात कुठेतरी जपून ठेवलेला आहे. एकवीस वर्षं मी तो अधूनमधून काढून हुंगतो.

नोव्हेंबरात कारखाना सुरू झाला आणि पुढच्या तेतला मीच शेठना सांगितलं, की इथे पहिल्या पावलाशिवाय कारखान्याचं दार उघडत नाहीत. "कोण टाकतं?" त्यांनी विचारलं. "तुम्ही माकड. तुम्हाला ड्रॅगन लागेल," मी म्हणालो. "कुठे मिळतो?" मी खाकरलो. तेव्हापासून दर नव्या वर्षाच्या सहाव्या दिवशी सकाळी सात वाजता, जरीच्या झग्यात, दोन्ही हातांत एकेक कलिंगड घेऊन मी त्या गेटातून आत गेलो. मागून शेठ, मग सिंहाचे मुखवटे घालून नाचणारे, मग कामगार बायका. पहिल्या शिलाईयंत्राची कळ मी दाबायचो. आणि धंदा वाढला! तीनशेचे तीन हजार हात झाले, दुसरी शेड झाली, तिसरी झाली. वाघाच्या पावलाने. कधीकधी कळ दाबताना माझ्या मनात यायचं, आता काहीतरी फुटेल, आग लागेल, छप्पर खाली येईल. काही व्हायचं नाही. यंत्र गुरगुरायचं आणि चालू लागायचं. तेव्हा मला खात्रीच पटली होती, की साल-बिल काही नसतं. असतो तो माणूस. म्हणजे मी.

मग चार वर्षांपूर्वी दिएप आली. क्वांग न्गाईची पोरगी, वडील मासेमार, तैवानात तैचुंगला शिष्यवृत्तीवर शिकलेली, केस कानापर्यंत, चष्मा, आणि चिनी अशी की तैवानचे लोक तिच्याशी बोलताना आपलेच उच्चार तपासून घेत. शेठना युरोपात माल पाठवायचा होता. युरोपशी आमच्या सरकारचा नवा करार झाला होता, आणि त्यातली मेख एकट्या तिला समजली होती. जाकीट इथे शिवलं एवढ्याने भागत नाही, कापडही इथेच विणलेलं हवं, तर सीमेवर कर माफ. कोरियाचं कापड चालेल, चीनचं नाही. आणि आम्ही गेली सतरा वर्षं गाठीच्या गाठी चीनमधून आणत होतो. "मग काय करायचं?" शेठनी विचारलं. मी तोंड उघडणार तोच ती म्हणाली, "माग टाकायचे, शेठ. इथेच. बाजूची जागा घ्या." झालं. शेठनी बाजूची जागा घेतली, तैवानमधल्या चुलतभावाला माग घेऊन बोलावलं, रंगाईचं खातं काढलं. पहिल्या कारखान्यात घातलं होतं त्याच्या तिप्पट त्या दुसऱ्यात ओतलं. कुणी बदक भाजलं नाही. कुणाच्या काकांचं कपाळ कुणाला आठवलं नाही. एका पोरीने एका कागदावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं, आणि समुद्रापलीकडून एक अख्खी गिरणी उठून आली.

पण खरा घाव तो नव्हता. तो गेल्या पावसाळ्यात बसला, जेवणघरात, जेव्हा तिने नव्या सुपरवायझर बायकांना पडद्यावर एक रेघ दाखवली. मी मागे बसून कलिंगडाच्या बिया सोलत होतो. "आपला कारखाना इथे का आला?" तिने विचारलं, आणि मी बिया खाली ठेवल्या, कारण हे उत्तर मला तोंडपाठ होतं. ती म्हणाली, "ही बघा, अमेरिकेला जाणाऱ्या मालाची रेघ. इथपर्यंत झोपलेली. दोन हजार एकच्या डिसेंबरात अमेरिकेशी करार लागू झाला, जकात धाडकन उतरली, आणि ही बघा कशी उठली. आपले शेठ या रेघेवर बसून आले, आणि त्यांच्यासारखे आणखी शेकडो." बायका हसल्या. मी त्या रेघेकडे बघत राहिलो. ती उठत होती ती नेमकी माझ्या बदकाच्या जेवणापाशी. जराशी आधीच. माझ्या घरात, माझ्या पानावर बसून जेवणारा माणूस दुसऱ्याच कुणाच्या ओढीने आला होता, आणि ते सगळ्या गावाला ठाऊक होतं, मला सोडून. "काका, काही विचारायचंय?" दिएपने मागे बघून विचारलं. "रेघ चांगली आहे," मी म्हणालो, "पण जरा वाकडी वाटते." पुन्हा बायका हसल्या.

तेव्हापासून कानामागचं ते कधीच पुरतं निवलं नाही. मी ते करार मिळवले, अमेरिकेचाही आणि युरोपचाही. छापून घेतले, बांधून घेतले, आणि नवरा जसा बायकोच्या ट्रंकेत सापडलेली पत्रं वाचतो तसे वाचले. दुपारी पंख्याखाली पडून, ओळीवर बोट ठेवून. कुठे काय गोड बोलला असेल हा? कशाने भुलवलं असेल? पण त्यात गोड काहीच नव्हतं. "उभय पक्ष मान्य करतात की." "यापुढे ज्याचा उल्लेख." जोडपत्र, उपजोडपत्र, तक्ता. कोमट पाण्यासारखी भाषा. एका पानावर तर नुसती बटणं होती, शिंपल्याची वेगळी, धातूची वेगळी. अशा कोरड्या तोंडाच्या वस्तूवर एखादा माणूस भाळतो, आणि माझ्या गोष्टींवर नाही? सवत देखणी असली तर बाईला निदान कारण तरी कळतं. माझी सवत चौदाशे पानांची, आणि एकाही पानावर विनोद नाही. मी त्यात माझं नाव शोधत होतो, हेही सांगून टाकतो. माझं म्हणजे माझं नव्हे. पण जेवण, बदक, दुभाष्या, ओळख, भरवसा, असलं काहीतरी एखाद्या कलमात असेल असं वाटत होतं. अमेरिकेच्या कराराच्या शेवटच्या पानावर एवढंच होतं, की दोन्ही भाषांतली प्रत सारखीच अधिकृत मानली जाईल. ते वाचून मी पुस्तक मिटलं. दोन भाषांतलं सारखं! म्हणजे माझ्यासारख्याला उभं राहायला फटसुद्धा ठेवली नव्हती.

"अहो, त्या कागदांशी बोलताय की माझ्याशी?" किम चाऊने विचारलं होतं. ती चिकट भाताचे मुटके केळीच्या पानात बांधत होती. "कुणाशीच नाही." "मग ओठ का हलतायत? माझ्यासाठी आयुष्यात एकदाच जळलात, तेही त्या घड्याळजीच्या पोरापायी. आणि कारखान्यासाठी चार वर्षं! मला सांगा, मी घटस्फोट घेऊ की कारखाना घेईल?" तिच्याशी बोलून उपयोग नसतो. ती दोरा दातांनी तोडते आणि माणसालाही. आज संध्याकाळी दिएपला फोन करायला मी गॅलरीत निघालो तेव्हाही तिने हाक मारलीच, "पोरीला नीट सांगा हं. उगाच काहीबाही घालू नका तिच्या डोक्यात. तुम्ही वाघ असून ड्रॅगन झालात, तिला बदक करू नका."

मी नीटच सांगणार होतो. देवाशपथ. पण फोन लागला आणि ती म्हणाली, "बोला काका, वही घेऊन बसलेय," आणि त्या वहीनेच घात केला. मी बोलतोय आणि कुणी लिहून घेतंय, हे किती वर्षांनी! "पहिलं म्हणजे," मी म्हणालो, "घरातून निघाल्यापासून यंत्राची कळ दाबेपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. मौन. शब्द सांडला की नशीब सांडतं." "बरं." "सदरा उलटा घालायचा. शिवण बाहेर. आपला धंदा शिवणीचा, धनदेव शिवण बघतो." "उलटा," ती पुटपुटली, पेनाचा आवाज आला. "दोन्ही हातांत पपनस धरायचं. एकच, पण मोठ्ठं. कुशीत, तान्ह्या पोरासारखं. आणि वाटेत कुणी भेटलं तर तीनदा डोळे मिटायचे." "तीनदाच?" "चार झाले तर घरी परत." मला माझी लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. उलट बशीभर गरम कॉफी आत गेल्यासारखं वाटलं, आणि या वेळी ती माझ्याच घशातून गेली. "काका," ती शेवटी म्हणाली, "तुम्हाला वाईट नाही ना वाटलं? मी शेठना म्हटलं होतं की काकाच बरे." "छे गं पोरी," मी म्हणालो, "उलट मीच थकलो होतो." फोन ठेवला. मीच बरा असं ती म्हणाली होती. म्हणजे तिने माझी शिफारस केली होती. माझी, या मातीत शेठना आणणाऱ्याची शिफारस, रेघ काढणाऱ्या पोरीने! आणि शेठनी ती नाकारली. मघाची सगळी ऊब गेली. गॅलरीतल्या आंब्याच्या कुंडीत मी थुंकलो आणि ठरवलं, सहाव्या दिवशी तिच्या आधी मीच आत शिरणार. वाघ तर वाघ. एकदा पाऊल पडलं की पडलं. ते काही पुसता येत नाही. वर्ष माझं होईल, चांगलं झालं तरी आणि बुडालं तरी. खरं सांगायचं तर, बुडालं तर जास्त माझं होईल.

सहाव्या दिवशी सकाळी साडेसहालाच मी गेटाशी स्कूटर लावली. झगा घातला होता. कलिंगडं आणली नव्हती, चोराने वाजंत्री नेऊ नयेत. रस्ता रिकामा. गेटावर लाल कागदाच्या माळा, आतल्या अंगणात सिंहाचा मुखवटा खुर्चीवर वाळत ठेवलेला. पहारेकरी लुओंग चहाचा कप घेऊन बाहेर आला. "नवं वर्ष सुखाचं जावो, काका! यंदा दिएपताई आहे ना? शेठनी सांगून ठेवलंय, तिच्याआधी माशी पण सोडू नको." "मी माशी दिसतो का?" "तसं नाही काका..." "मग दार उघड, आत सावलीत उभा राहतो. उंबऱ्याच्या आत एकच वीत. एक वीत म्हणजे आत नव्हे." लुओंग विचारात पडला. तो सरळ माणूस आहे. वितीचा हिशेब त्याला खरा वाटला असता. त्याने कडीला हात घातला. दाराची फट उघडली, आणि आतून तो वास आला, नव्या कोऱ्या कापडाचा, खळीचा, वंगणाचा. एकवीस वर्षं मी तो वास आत गेल्यावर घेतला होता. आज तो बाहेर येऊन मला भेटला. मी एक पाय उचलला.

"लाम," मागून कुणीतरी माझं नाव घेतलं.

चुआंग शेठ चालत आले होते. वयाने वाकलेले, हातात लाल पाकिटांची पिशवी. माझा पाय हवेत होता तो मी कुठे ठेवू कळेना. शेवटी बाहेरच ठेवला, पण फार हळू, जणू ते ठेवणं कुणाच्या लक्षात येऊ नये. शेठनी लुओंगला खुणेने दूर केलं. ते दगडी कठड्यावर बसले आणि मलाही बसायला लावलं. "इतक्या लवकर?" त्यांनी चिनीत विचारलं. मी म्हणालो, "शेठ, एकच सांगा. ड्रॅगनच्या साली ड्रॅगन नको, म्हणून मला वगळलंत ना?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू ड्रॅगन कुठे आहेस?" ते म्हणाले. "पहिल्या महिन्यात तुझ्या ओळखपत्राची प्रत घेतली होती. सन पन्नास. वाघ." रस्त्यावरून एक ट्रक गेला. माझ्या हातांना काय करावं सुचेना, ते झग्याच्या जरीत शिरले. "मग एकवीस वर्षं?" मी विचारलं. "एकवीस वर्षं तू आत गेलास आणि काही झालं नाही," शेठ म्हणाले. "पहिल्या वर्षी मी घाबरलो होतो. दुसऱ्या वर्षी वाटलं, बघू या. मग मला कळलं, अमेरिकेचा हा करार इतका भक्कम आहे, की वाघ आत सोडला तरी पुरून उरतो."

मला वाटतं त्यांनी ते कौतुकाने म्हटलं. कौतुक कुणाचं, ते सांगायची गरज नाही. "आणि जेवण?" मी विचारलं. आवाज माझा नव्हता. कुठल्यातरी लहान मुलाचा होता, ज्याला ठाऊक आहे की आपल्याला नेणार नाहीत तरी चपला घालून बसतो. "कुठलं?" "बदकाचं. तुम्ही दोनदा मान मागितलीत." शेठना आठवायला वेळ लागला नाही, एवढं मात्र मी बघितलं. "जागेच्या कागदावर मी आदल्या दिवशीच सही केली होती, लाम." "मग माझ्याकडे कशाला आलात?" "भूक लागली होती." ते हसले. हा माणूस कधी हसत नाही. "बदक उत्तम होतं. तू फार बोलत होतास." मी मान खाली घातली. मग मला राहवलं नाही. "आणि उद्या दुसऱ्या कुठल्या देशाने याहून बरा कागद केला तर?" "तर मी माझ्या पोराला तिकडे बघायला पाठवीन," शेठ म्हणाले, लपवाछपवी न करता. "पण आता गिरणी आहे. माग उचलायला जड असतात. म्हणूनच ती पोरगी. तिने मला असं काहीतरी इथे टाकायला लावलं जे पाठीवर घेऊन पळता येत नाही. तू मला आणलंस असं तू सांगतोस, सांग. पण मला इथे बांधलं तिने. म्हणून यंदा पाऊल तिचं."

डावा कान तापलेला होता, पण आता त्यात एक चमत्कारिक गोष्ट होती: जळायला मला समोर कुणी दिसत नव्हतं. कागद निर्जीव, शेठ खरे, पोरगी निष्पाप. नुसता जाळ होता, चुलीशिवाय. आणि तेवढ्यात ती आली. रस्त्याच्या वळणावरून, एकटी, पायी. सदरा उलटा, शिवणी बाहेर लोंबतायत. कुशीत तान्ह्या पोराएवढं पपनस. पहारेकरी लुओंगने लांबून "शुभेच्छा, ताई!" म्हटलं तेव्हा तिने थांबून तीनदा डोळे मिटले, मोजून, आणि पुढे आली. शेठ उभे राहिले. "हे काय आहे?" त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, "जुनी रीत आहे." "तुझी?"

दिएप गेटासमोर आली. मला झग्यात बघून तिचा चेहरा खुलला, आणि मग त्यावर काहीतरी सरकलं. ती शहाणी पोरगी आहे, ती गेटाच्या फटीकडे बघते, माझ्या धूळ लागलेल्या पायाकडे बघते, आणि तिला सगळं कळतं. मी वाट बघत होतो की आता ती मौन मोडेल आणि मला चारचौघांत उघडं पाडेल. ती बोलली नाही. तिने पपनस एका हातावर घेतलं, दुसऱ्या हाताने गेटाकडे बोट केलं, मग माझ्याकडे. मग एक पाऊल मागे सरकून मान लववली. डोळ्यांत पाणी नव्हतं, राग नव्हता. आधी तुम्ही, काका. याहून स्वच्छ वाक्य मी कुठल्याही भाषेत ऐकलेलं नाही. आतल्या अंधारात माझं यंत्र होतं, कळ होती, वास होता. शेठना इशारा कळला नसावा. ते माझ्याकडे वळले, तसेच, जसे ते दोन हजार दोनपासून वळत आलेत, मान किंचित वाकडी करून. "काय म्हणतेय ती?"

मी गळा साफ केला. आयुष्यभर मी लोकांच्या बोलण्यात भर घालत आलो, पण ती नेहमी माझ्या बाजूने. "ती म्हणतेय," मी चिनीत म्हणालो, "म्हाताऱ्याला दारातून बाजूला व्हायला सांगा, मला उशीर होतोय." आणि मी बाजूला झालो. दिएपने माझ्याकडे डोळे मोठे करून बघितलं. चिनी तिला माझ्याहून चांगली येते. काही बोलायला तिचं तोंड उघडलं आणि मौनाच्या आठवणीने मिटलं. मी हात हलवला, जा, जा. ती आत गेली. लोंबत्या शिवणींसकट ती अंगणातून, सिंहाच्या मुखवट्याजवळून, शेडमध्ये दिसेनाशी झाली.

शेठ माझ्या शेजारी उभे होते. लाल पाकिटांच्या पिशवीतून त्यांनी एक काढलं आणि माझ्या झग्याच्या खिशात खुपसलं. "भाषांतर छान केलंस," ते म्हणाले. त्यांनी ते चिनीत म्हटलं नाही. आमच्या भाषेत म्हटलं, अडखळत, पण व्याकरणाला धरून, दिएपच्या क्वांग न्गाईकडच्या कोळ्यांसारखे स्वर ओढत. एकवीस वर्षांत मी त्यांच्या तोंडून आमचा एक शब्द ऐकला नव्हता. तेव्हा मला काय काय आठवायला हवं होतं! प्रांताधिकाऱ्यांचे काका, समाधी, उदबत्ती, आणखी हजार थापा. त्यातलं काहीच आठवलं नाही. माझ्या मनात पहिला विचार आला तो एवढाच, आणि कान पेटला तो त्यानेच, की मी इथे जिवंत असताना या माणसाला ही भाषा तिने कधी शिकवली?